माझ्या ताटातली उरलेली भाकरी

गेल्या हिवाळ्यात महिनाभर आमच्या घरात एकच प्रश्न होता. माझ्या बायकोच्या उजव्या पायाचं जोडव्याचं बोट राहतं का जातं. डॉक्टर म्हणायचे, बघू. नर्स म्हणायची, बघू. बायको तर काहीच म्हणायची नाही. आणि मी दवाखान्याच्या बाकावर बसून मनातल्या मनात एकच घोकायचो, की हे बोट इथवर माझ्या ताटातल्या भाकरीनं आणलंय. ऐकणाऱ्याला हे येड्यासारखं वाटंल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी नांदेडात शाळामास्तर. गाव औशाच्या पलीकडं, तिथली शेती थोरला भाऊ बघतो. तीन वर्षांमागचा मी नुसता जाड नव्हतो, अवाढव्य होतो. लातूरच्या एसटीत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही, आणि बसलंच तर लोहा गाव येईस्तोवर उठून दांड्याला धरून उभं राहायचं. भाकरी मी कधी मोजली नाही. ताटात पडंल ती माझी, आणि बायकोच्या ताटातली पण माझीच. ती सगळं आवरून जेवायला बसली की मी म्हणायचो, "ती तेवढी अर्धी दे इकडं." ती द्यायची. आमच्या लग्नाला जितकी वर्षं झाली तितकी वर्षं ती देत आली, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढं झोपेत माझा श्वास अडकायला लागला. मी घोरता घोरता गप्प झालो की बायको उठून मला हलवायची. शाळेत खुर्चीवर बसल्या बसल्या डुलक्या लागायच्या, आणि पोरं हळू बोलायची, सरांची झोपमोड नको म्हणून. शेवटी तिनंच हेका धरला की ऑपरेशन करू. मी नको म्हणत होतो. मला कापायची भीती नव्हती, जेवण जाईल ह्याची होती.

नांदेडच्याच एका दवाखान्यात ते झालं. डॉक्टरांनी आधी समजावून सांगितलं की पोटाचा मोठा भाग काढून टाकणार आणि केळ्याएवढी पिशवी ठेवणार. मी विचारलं, "अर्धापूरचं मोठं केळं का वेलची?" ते हसले नाहीत. त्यांना वाटलं मी घाबरलोय. घाबरलो होतोच की.

पोट केळ्याएवढं झालं तरी मन परातीएवढंच राहतं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला नुसतं पाणी, ताक, डाळीचं वरचं पाणी. मग मऊ खिमट. मग चावून खायचं अन्न आलं, आणि त्याच्याबरोबर दवाखान्यातल्या आहाराच्या बाई आल्या. वयानं माझ्या विद्यार्थिनीएवढ्या, पण जरब अशी की मी त्यांच्यापुढं हाताची घडी घालून बसायचो. त्यांचा नियम सोपा होता. आधी अंडं, डाळ, पनीर, मासा. मग भाजी. भाकरी, पोळी, भात सगळ्यात शेवटी, जागा उरली तर, आणि तेही चतकोर. जेवताना पाणी प्यायचं नाही. घास गिळायची घाई करायची नाही.

मी वाद घातला. "गव्हाचं ठीक हाय बाई, पण ज्वारी? ज्वारीची भाकरी तर आजाऱ्याला देतात." त्या म्हणाल्या, "सर, ज्वारी चांगलीच आहे. पण पोटात गेल्यावर ती कार्बच आहे, आणि तुमच्या पोटात आता जागा एवढीच आहे." त्यांनी बोटांनी जागा दाखवली. मला आपल्या पूर्वजांचा अपमान झाल्यासारखं वाटलं.

पण नियम मी पाळला. एकदाच मोडला, शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या घरी, शिऱ्याच्या वाटीवर. दहा-पंधरा मिनिटांत घामानं शर्ट भिजला, छाती धडधडायला लागली, आणि मी त्यांच्या दिवाणावर डोळे मिटून आडवा पडलो. त्यांच्या म्हाताऱ्या आईनं माझी दृष्ट काढली. त्यानंतर गोडाचं नाव काढलं नाही.

आता ताटाचं सांगतो. ऑपरेशननंतर मी बायकोला म्हणालो, "मला चतकोर वाढत जा." तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अख्खी भाकरी वाढली. शेजारी भाताची मूद, वर वरण. मी चिडलो. ती म्हणाली, "चतकोर भिकाऱ्याला घालतात, घरधन्याला न्हाई. मोकळं ताट पुढं ठेवायला मला न्हाई जमत. तुम्ही तुम्हाला जेवढं जातंय तेवढं खावा." मी तिला पुन्हा समजावलं, तिनं पुन्हा मान हलवली आणि पुन्हा अख्खी वाढली. मग मी नाद सोडला. अंडं खायचो, डाळ खायचो, भाजी खायचो, शेवटी भाकरीचा चतकोर तुकडा मोडायचो आणि ताट सरकवायचो.

सरकवायचो म्हणजे तिच्याकडं. ती माझं ताट ओढून घ्यायची आणि त्यातच जेवायची. तिच्या माहेरी तशीच रीत होती, नवऱ्याच्या ताटात बायकोनं जेवायचं. पण आमच्या संसारात ती रीत कधी पाळताच आली नव्हती, कारण माझ्या ताटात काही उरायचंच नाही. मी ताट पुसून उठणारा माणूस. पहिल्यांदा माझ्या ताटात पाऊण भाकरी राहिली तेव्हा ती हसून म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तुमच्या ताटात मला काही मिळून राहिलं." मीही हसलो. हे हसणं आता आठवतं तेव्हा मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण ती आपलं जेवण कमी करून माझं संपवत नव्हती. आपली भाकरी ती वेगळी करायची, ती खायची, आणि वर माझी. माझा भात, माझं वरण, माझी पाऊण भाकरी, दोन्ही वेळेला. टाकायचं तर नाहीच. एकदा मी म्हणालो, "राहू दे ना, गाईला घालू." तर म्हणाली, "तुमच्या ताटातलं गाईला? आन् गाय तरी कुठं हाय हितं कॉलनीत? अन्न टाकून ते पाप कुठं फेडू?" मी विषय सोडून दिला. मला तेव्हा माझ्या पँटी आल्टर करायला टाकायची घाई होती.

मी उतरत गेलो. लोक रस्त्यात थांबवायचे, "काय सर, अर्धे झालात की!" मला ते ऐकायची चटक लागली. आधी जी चटक जिभेला होती ती कानाला लागली म्हणा. स्टाफरूममध्ये कुणी डबा उघडला की मी त्यात डोकावायचो आणि सांगायचो, ह्यात कार्ब किती, त्यात किती, भाताआधी मटकी खा, बटाटा ही भाजी नव्हे. बारशात, वास्तुशांतीत, साखरपुड्यात, जिथं जाईन तिथं मी कार्बचा फौजदार. शाळेनं माझा शाल देऊन सत्कार केला. आरोग्यावर बोला म्हणाले. मी इतका वेळ बोललो की शिपायानं घंटा दिली.

आणि ह्याच दिवसांत बायकोचं वजन वाढत होतं. ब्लाउज दंडात अडकायला लागले, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागली. पाणी लई प्यायची, थकवा आला म्हणायची. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तुझं पण वाढून राहिलं हं. जरा माझ्याकडं बघून शीक." ती ताट घासत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचं गेलेलं कुठं तरी जायला पाहिजे ना." मला तो विनोद वाटला. मी तो स्टाफरूममध्ये सांगितलासुद्धा, आणि लोक हसले.

माझं रक्त दर तीन महिन्यांनी तपासलं जायचं. लोह, बी-बारा, साखर, सगळं. प्रत्येक वेळी ती माझ्याबरोबर यायची, माझी फाइल मांडीवर धरून बाकावर बसायची. दोघं जण दवाखान्यात गेलो, आणि एकाचंच बोट टोचून परत आलो, असं किती वेळा झालं असंल. हिचंही एकदा बघून घ्या, एवढं बोलायला मला काय धाड भरली होती?

गेल्या येळवशीला आम्ही गावी गेलो. मार्गशीर्षातली ही अमावास्या नांदेडच्या बऱ्याच लोकांना ठाऊक नसते, पण आमच्या लातूर-औशाकडं त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात. शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले दगडाचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारमारून जेवू घालायचं. बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, डाळी-पालेभाज्यांची भज्जी, गव्हाची खीर, मडक्यात आंबील. त्या दिवशी नको म्हणणाऱ्याचा मान राहत नाही.

माझं मात्र त्या दिवशी कौतुकच कौतुक. वहिनी म्हणाली, "भावजी, आधी तुम्ही अंगावर पडला असता तर बैल मेला असता, आता कोंबडी पण वाचंल." मी आंब्याखाली बैठक मारली आणि दादाला व चार भाऊबंदांना समजावायला लागलो, की ही भज्जी खरं अन्न, हे उंडे मात्र शेवटी. एका उंड्याचा घासभर तुकडा मी खाल्ला. उरलेला उंडा, खीर, न प्यायलेली आंबील, सगळं पत्रावळीसकट बायकोकडं सरकवलं. तिनं आधीच स्वतःचं खाल्लं होतं. ती माझंही खात बसली.

पूजेला चपला काढून सगळ्या बाया कोपीभोवती फिरल्या होत्या, आणि मग आंबील शिंपडत बांधापर्यंत जाऊन आल्या होत्या. वाटेत दादानं नुकतीच तूर कापलेली. तुरीची कापून उरलेली धसकटं म्हणजे खिळेच. जेवणं झाल्यावर वहिनीला घोंगडीवर रक्त दिसलं. "अगं बाई, तुझ्या पायाला काय झालं?" बायकोनं पाय उचलून पाहिला. जोडव्याच्या बोटाच्या बुडाशी धसकटाचा तुकडा रुतून मोडलेला होता. ती म्हणाली, "कधी घुसलं की. मला कळलंबी न्हाई."

मला कळलंबी न्हाई. हे तिचे शब्द मी ऐकले. त्यावर मी आंब्याखालून ओरडून म्हणालो, "हळद लावा, होतंय बरं," आणि पुन्हा दादाला बटाट्याचं सांगायला लागलो.

नांदेडला परतल्यावर ती तशीच लंगडत स्वयंपाक करत होती. दुखत नाही म्हणायची, आणि खरंच दुखत नव्हतं. पुढं बोट सुजलं, काळपट झालं, वास यायला लागला. मग मी तिला घेऊन त्याच दवाखान्यात गेलो जिथं माझा मान होता. तिथं पहिल्यांदा तिचं बोट टोचलं. आकडा पाहून डॉक्टरांनी दुसऱ्यांदा टोचायला लावलं. म्हणाले, "साखर बरीच वर्षं असणार. पायाची जाणीव गेलीय. पण गेल्या एक-दोन वर्षांत काय झालं? ही एवढी का चढली?" मी तिच्या पायाकडं बघत राहिलो. जोडवं सुजेमुळं निघत नव्हतं, ते कापून काढावं लागलं. नर्सनं ते कागदाच्या पुडीत घालून माझ्या हातात दिलं.

मग आहाराच्या बाई तिच्या खाटेपाशी आल्या. माझ्याकडं पाहून हसल्या, मी त्यांचा नावाजलेला पेशंट. त्यांनी बायकोला विचारलं, "काकू, दिवसाला भाकरी किती खाता?"

"एक सकाळी, एक संध्याकाळी," ती म्हणाली. "भात घासभर."

"बस एवढंच?"

"एवढंच. जास्त मला जात न्हाई."

ती खोटं बोलत नव्हती. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला खोटं बोलता आलेलं मी पाहिलं नाही. बाई कागदावर लिहीत होत्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली होती, कारण हिशेब जुळत नव्हता. आणि मी तिथं उभा. मला वाटलं, बोलू नये. बोललो तर ह्या बाईंच्या नजरेतून उतरेन. एवढी नीच गोष्ट माझ्या मनात आली हे मी इथं मुद्दाम सांगतोय.

मग मी तिला म्हणालो, "अगं, माझ्या ताटातलं सांग त्यांना."

तिला कळेना. "तुमच्या ताटातलं काय?"

"तू खातीस ते."

"ते तुमचं जेवण हाय," ती म्हणाली, अगदी सरळ. "ते माझं कसं धरायचं?"

बाईंचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, मग पुन्हा माझ्याकडं. मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "सर, तुमच्या ताटात साधारण किती उरायचं?" मी सांगितलं. चतकोर सोडून जे जे मी पोटाबाहेर ठेवलं होतं, ते सगळं दोन वर्षं मी माझ्या बायकोच्या पोटात घातलं होतं. मला शाल मिळाली होती ती त्याचीच.

पुढचा महिना मी वर म्हटलं तसा. तिला घरी आणलं होतं, पण रोज दवाखान्यात पट्टी, रोज इंजेक्शन, रोज बघू. घरी स्वयंपाक मी करायचो. भाकरी थापता येत नव्हती, तव्यावर टाकताना फाटायची. ती खाटेवरून म्हणायची, "पाणी कमी घाला." बोटावर कधी जरा लाली दिसली की डॉक्टरांचा चेहरा खुलायचा, आणि मी लगेच मनात देवाशी सौदे करायला लागायचो. शेवटी काळपटपणा वर सरकायला लागला. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, बोट काढलं तर पाय वाचंल.

बायकोनं एकच विचारलं. "मग जोडवं कशात घालू?"

डॉक्टर तरुण होते. ते माझ्याकडं बघायला लागले. पुडी माझ्या शर्टाच्या खिशातच होती.

बोट गेलं. पाय वाचला. जखम भरली. जोडवं सोनाराकडून सांधून आणलं, आता ती ते शेजारच्या बोटात घालते, दोरा गुंडाळून, कारण तिथं ते सैल होतं. इंजेक्शन ती स्वतः घ्यायला शिकली. आहाराच्या बाईंनी आम्हा दोघांना मिळून एकच नियम दिला. आधी डाळ, मग भाजी, शेवटी भाकरी, तिला अर्धी, मला चतकोर.

पण मोकळ्या ताटाचा प्रश्न राहिलाच. ती घरात हिंडायला लागली तशी पुन्हा मला अख्खी वाढायला लागली. मी उरवायचं नाही म्हणून एक-दोन वेळा सगळी खाल्ली, आणि दोन्ही वेळा मोरीत जाऊन ओकलो. मग मी ठरवलं की ताटं मी वाढणार. भांडण झालं, मोठं झालं. ती म्हणाली, "आता माझ्या हातचं वाढलेलंबी नको झालं का?" दोन दिवस अबोला होता. पण ताटं मी वाढली. दोघांची, एकाच वेळी, आणि आधी तिचं.

परवा दुपारी असेच जेवत होतो. तिची डाळ संपली, भाजी संपली, अर्ध्या भाकरीतली चतकोर संपली. उरलेली चतकोर तिनं हातात घेतली, पुन्हा खाली ठेवली. पोट भरलं होतं. ती इकडं-तिकडं बघायला लागली, ही आता कुठं ठेवू म्हणून. माझ्या ताटात भाकरी मी वाढूनच घेतली नव्हती. मी तिचं ताट माझ्याकडं ओढलं आणि तो तुकडा मोडला.

"अहो, उष्टं हाय ते," ती म्हणाली.

"असू दे."

ती बघत राहिली. मी चावत होतो, बाईंनी शिकवल्यासारखं, सावकाश. मग ती म्हणाली, "मला तरी कुठं जायचं हो तुमचं ते? पोट भरलेलंच असायचं. पाण्यासंगं ढकलायची."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही कधी विचारलं?"

घास माझ्या घशातच अडकला. जेवताना पाणी प्यायचं नाही हा माझा नियम तिलाही पाठ आहे, पण मला ठसका लागलेला तिनं पाहिला. मी हातानं बस म्हणेपर्यंत ती भिंतीला धरून उठली होती, आणि त्या पायानं लंगडत माझ्यासाठी पाणी आणायला निघाली होती.